पतसंस्थेचं काय, ते आधी सांगा

आमच्या केडगावात निवडणूक आली की आधी पाण्याचं बोलणं निघतं, मग रस्त्यांचं, मग पोरांच्या नोकऱ्यांचं. मागच्या विधानसभेला मात्र उमेदवार गल्लीत शिरला की बायका दारातूनच विचारायच्या, "पतसंस्थेचं काय, ते आधी सांगा." उमेदवार हात जोडून हसायचे आणि पुढच्या दाराला जायचे.

त्या पतसंस्थेत माझे मिस्टर पिग्मी एजंट होते. सकाळी मोटरसायकल काढायची आणि पुणे रोडच्या कडेनं एकेक दुकान घेत जायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. गॅरेजवाला, सलूनवाला, चहाची टपरी, रसवंती, भाजीवाल्या बायका. ज्याची जशी कमाई तशी तो रोजची रक्कम यांच्या हातात ठेवायचा, आणि हे गळ्यातल्या छोट्या मशीनमधून पावती काढून द्यायचे. संध्याकाळी सगळा भरणा शाखेत. वर्ष भरलं की साठलेली रक्कम व्याजासकट मिळायची. बहुतेक जण ती तिथंच मुदतठेवीत ठेवायचे, कारण व्याज बँकेपेक्षा जास्त होतं आणि बँकेत जायचं म्हणजे धंदा बंद ठेवून रांगेत उभं राहायचं. इथं बँक स्वतःच्या पायानं टपरीवर यायची.

मी घरी ब्लाउज शिवते. लग्नाआधी नगरच्या कॉलेजात बी.ए. केलं होतं, पण उपयोगाला आलं ते शिवणच. माझ्या शिलाईतले पैसेही त्याच संस्थेत होते, आणि एजंट म्हणून यांनी भरलेली अनामतही तिथंच होती.

एका सोमवारी शाखेचं शटर उघडलंच नाही. दोन-तीन दिवस 'सर्व्हर बंद आहे' असं सांगितलं, मग सांगायलाही कोणी राहिलं नाही. पेपरात आलं तेव्हा कळलं की संचालकांनी आपल्याच नातेवाइकांना मोठमोठी कर्जं दिली होती आणि ती वसूल झालेली नव्हती. चेअरमनच्या बंगल्याला कुलूप लागलं. पण आमच्या घराला कुलूप नव्हतं, आणि लोकांनी चेअरमनला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी पैसे यांच्या हातात दिले होते. म्हणून लोक आमच्याकडे आले.

पहिले काही आठवडे अंगणात सतत माणसं असायची. कोणी शिव्या द्यायचं, कोणी नुसतं रडायचं. सलूनवाल्यानं यांची कॉलर धरली, आणि मग त्यालाच भरून आलं, कारण हे त्याच्या लग्नातले पाहुणे. हे सगळ्यांना एकच सांगायचे, की माझ्याकडे रोजचा भरणा केल्याच्या शाखेच्या पावत्या आहेत, मी एक रुपया घरी ठेवलेला नाही. लोकांना ते पटायचंही. पण पटून त्यांच्या हाती काही येत नव्हतं, आणि राग कुठंतरी ठेवायला जागा लागते.

हळूहळू माणसं यायची थांबली, आणि ते जास्त जड गेलं. माझ्याकडे ब्लाउजपीस टाकायला येणाऱ्या बायका दुसरीकडे जायला लागल्या. दिवाळीच्या तोंडावर, ज्या दिवसांत मला पाणी प्यायला फुरसत नसायची, त्या दिवसांत मशीनवर आच्छादन घातलेलं असायचं. हे घराबाहेर पडेनात. दाढी घरीच करायचे. भाजी आणायला मी जायची. मार्केटमध्ये समोरून ओळखीचं कोणी आलं की मी आधीच दुकानाकडे वळायची, म्हणजे त्याला तोंड फिरवावं लागू नये.

एक भाजीवाल्या मावशी मात्र यायच्या. त्यांचं वय साठीच्या पुढचं. केडगाव वेशीजवळ गोणपाट अंथरून मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या. डोक्यावर पत्रा असलेला एक गाळा घ्यायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पिग्मी भरली होती. त्या बाजार उठल्यावर आमच्या पायरीवर टेकायच्या, पाणी मागायच्या, आणि "काय कळलं का?" एवढं विचारायच्या. मी नाही म्हटलं की पदरानं तोंड पुसून उठायच्या. हे आतल्या खोलीत ऐकत बसलेले असायचे. बाहेर येत नसत.

मग निवडणूक लागली.

ठेवीदारांची एक कृती समिती झाली होती. तिचं सगळं बघायचे ते आमच्या भागातले एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणायचे. निवृत्तीचे त्यांचे पैसेही त्यातच अडकलेले. मोर्चे काढून, निवेदनं देऊन ते थकले होते. निवडणूक जाहीर झाल्यावर एका बैठकीत, जिथं ठेवीदार म्हणून मीही मागे जाऊन बसले होते, ते म्हणाले, की आत्तापर्यंत आपण त्यांच्या दारात गेलो, आता ते आपल्या दारात येणार आहेत. तर तिघाही मुख्य उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच मंगल कार्यालयात बोलवू, प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारू आणि सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करू. कोणाचं भाषण ऐकायचं नाही, फक्त उत्तरं ऐकायची.

प्रश्न असे ठरले. पैसे परत मिळावेत म्हणून आमदार झाल्यावर काय कराल? पुन्हा असं होऊ नये म्हणून पतसंस्थांवर लक्ष कोणी आणि कसं ठेवायचं? आणि तिसरा प्रश्न एजंटांचा, की संस्था बुडाली तर दारोदार फिरणाऱ्या एजंटाची जबाबदारी काय धरायची? हा तिसरा कोणीतरी रागानंच सुचवलेला होता.

प्रश्न कोणी विचारायचे यावर वाद झाला. जो तो कोणत्या ना कोणत्या पक्षाचा. शेवटी सर माझ्याकडे वळले. ते म्हणाले, "ह्यांनी विचारावेत. ह्यांना कोणत्याच पक्षाचं काही देणं नाही." मागून एक जण म्हणाला, एजंटाच्या बायकोनं का म्हणून? सरांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं की तिचेही पैसे अडकलेत, आणि ह्या गावात तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ऐकून घ्यावं लागलेलं नाही. मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर पुन्हा त्याच घरात, त्याच आच्छादन घातलेल्या मशीनसमोर बसायचं होतं. मी हो म्हटलं.

घरी येऊन यांना सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं आणि पहिल्यांदाच सगळं नीट समजावून सांगितलं. बँकेवर देशाच्या मुख्य बँकेची नजर असते, आणि बँक बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेवर सहकार खात्याचं लक्ष, आणि ठेवीला तसा विमा नाही. पाटीवर दोन्हीकडे सारखाच रंग, आत सारखंच काउंटर, म्हणून माणसाला फरक कळत नाही. हे त्यांना स्वतःलाही संस्था बुडाल्यावरच कळलं होतं. मी म्हटलं, "अहो, तुम्हीच या ना कार्यक्रमाला." तर म्हणाले, "मी आलो तर तुझे प्रश्न राहतील बाजूला आणि लोक माझ्याकडेच बघत बसतील."

रविवारी दुपारी मंगल कार्यालय भरलं. स्टेजवर एक टेबल, तीन खुर्च्या, आणि बाजूला मी माईक घेऊन. तीनही उमेदवार एकत्र बसायला तयार झाले नाहीत, म्हणून एकामागून एक असे आले.

पहिले आले ते जुन्या वजनदार घराण्यातले. दूधसंघ, शाळा, पतसंस्था, सगळं घरातच. बुडालेली संस्था त्यांची नव्हती, पण त्यांची स्वतःची एक होती. ते शांतपणे, घरच्यासारखं बोलले. म्हणाले, एका संस्थेनं माती खाल्ली म्हणून सगळ्यांवर कडक नियम लादू नका. बँक भाजीवाल्याला कर्ज देत नाही, कारण त्याच्याकडे कागद नसतो. पतसंस्था त्याला ओळखीवर देते. नियम वाढवले तर पतसंस्था मरतील आणि गरीब माणूस परत सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसेल. लक्ष सभासदांनीच ठेवायचं, वार्षिक सभेला यायचं, प्रश्न विचारायचे. एजंटांबद्दल म्हणाले, ती आपलीच पोरं आहेत. पैशांचं विचारल्यावर त्यांनी कायदा आपलं काम करील असं म्हटलं. ते उठायला लागले तेव्हा मी पुन्हा विचारलं, की संस्थेची पुणे रोडवरची जागा जप्त आहे, तिच्या लिलावासाठी तुम्ही प्रयत्न कराल का? ते म्हणाले, "का नाही? मी स्वतः बैठक लावीन." आणि गाडीत बसून गेले.

लोकांना ते फारसे आवडले नाहीत. पण खरं सांगते, त्यांचं सावकाराचं बोलणं माझ्या मनात राहिलं. आमच्या गल्लीत ज्यांनी पहिलं शिलाई मशीन घेतलं, पहिला फ्रीज घेतला, त्यांना पतसंस्थेनंच उभं केलं होतं. मला स्वतःला पिको-फॉलची मशीन त्याच कर्जावर मिळाली होती.

दुसरे उमेदवार तरुण. त्यांच्या मागे पोरांचा मोठा जथा. त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. निवडून आलो तर शंभर दिवसांत पै न पै परत, सरकारच्या तिजोरीतून देऊ. सगळे संचालक आत. सगळ्या पतसंस्था सरकारी बँकांत विलीन करू, म्हणजे झंझटच नको. टाळ्या थांबत नव्हत्या. मीही एकदा टाळी वाजवली, कारण संचालकांना भीती वाटायला हवी हे मलाही पटत होतं. हे लोक आपल्याच मेव्हण्याला कर्ज मंजूर करताना कोणाला भ्यायले नव्हते.

मग मी तिसरा प्रश्न विचारला. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "चोराचा हस्तक तो चोरच. एजंटांनाही सोडणार नाही. त्यांची घरं विकून तुमचे पैसे देऊ."

पुन्हा टाळ्या झाल्या. पण ह्या वेळी त्या अर्ध्यावर अडखळल्या, कारण पुढच्या रांगेतल्या लोकांना माझा चेहरा दिसत होता. माझ्या हातातला माईक खाली गेला. सर उठून माझ्याकडे यायला निघाले, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं भाजीवाल्या मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी माईक मागितला नाही. त्यांचा आवाज भाजी विकून विकून मोठा झालेला.

"सायेब, मी धा वर्सं त्या मानसाच्या हातात पैसं दिलं," मावशी म्हणाल्या. "पाऊस असू दे, ऊन असू दे, आलाच. त्याची बायको ही तुमच्यापुढं उभी हाय. तिचं बी पैसं बुडाल्यात. तिचं घर इकून माझं पैसं नगंत मला. ज्यांनी खाल्लं त्यांचं इका."

ते काहीतरी बोलणार होते, पण सभागृह गप्प झालं होतं आणि ती शांतता त्यांच्या बाजूची नव्हती. त्यांनी घड्याळ बघितलं, दुसरी सभा आहे म्हणाले आणि घोषणा देत पोरं बाहेर पडली.

मी मावशींकडे बघितलं आणि मग सहज दाराकडे नजर गेली. चपला काढतात त्या जागेला, खांबाला टेकून, हे उभे होते. कधी आले होते कोण जाणे. शेजारी सलूनवाला उभा होता. तो यांच्याकडे बघत नव्हता, पण तिथून हललाही नव्हता.

तिसऱ्या उमेदवार एक वकीलबाई होत्या, अपक्ष. त्या स्वतः गाडी चालवत आल्या. तोवर निम्मी माणसं चहाला उठली होती. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग विचारलं, की मी सावकाश बोलले तर चालेल ना?

पैसे परत मिळण्याचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सगळे मिळतील असं मी सांगणार नाही. मला ते माहीत नाही, आणि जो माहीत आहे असं सांगतो, त्यालाही माहीत नाही."

मागं कोणीतरी हसलं. एक जण उठूनच गेला. बाई तशाच बोलत राहिल्या. आमदाराला काय करता येतं आणि काय येत नाही, हे त्यांनी वेगवेगळं करून सांगितलं. सरकारी तिजोरीतून कोणाचे पैसे देणं एका आमदाराच्या हातात नसतं. पण संस्था गुंडाळण्यासाठी सरकारनं जो अधिकारी नेमलेला असतो, त्या अवसायकाकडे वसुली कुठपर्यंत आली हे दर महिन्याला विचारता येतं. जप्त जागांचा लिलाव लवकर व्हावा म्हणून बैठक लावता येते, विधानसभेत प्रश्न टाकता येतो. लहान ठेवीदारांना आधी द्या अशी मागणी करता येते. एवढंच.

पुढचं लक्ष कसं ठेवायचं, यावर त्या म्हणाल्या की पतसंस्था बंद करून चालणार नाही, पण सभासदांच्या भरवशावर सोडूनही चालणार नाही. दिवसभर टपरी चालवणारा माणूस वार्षिक सभेत ताळेबंद कसा वाचेल? तपासणारा माणूस बाहेरचा हवा आणि तो दर काही वर्षांनी बदलायला हवा. संचालकांनी आपल्या घरात किती कर्ज दिलं, ते शाखेच्या दारात फळ्यावर लिहिलेलं हवं, अगदी बाजारभाव लिहितात तसं. आणि ह्या ठेवीला बँकेसारखा विमा नाही, हे पासबुकाच्या पहिल्या पानावर, पैसे घेण्याआधी, ठळक छापलेलं हवं.

एजंटांबद्दल विचारताना माझा आवाज बारीक झाला होता. बाई म्हणाल्या, ज्यानं पैसे मधे खाल्ले त्याला शिक्षा व्हावी. ज्यानं सगळा भरणा केला त्याच्या दारात लोक जातात, कारण आपल्याला आतल्या माणसाचं दार माहीत नसतं. ते दार माहीत असायला हवं.

फारशा टाळ्या पडल्या नाहीत. पण मला एकदम हलकं वाटलं. किती तरी महिने अंग दुखत असावं आणि कोणी डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगावं, तसं. बरं होईल असं त्या म्हणाल्या नव्हत्या. पण काय झालंय आणि कोणाकडे जायचं, हे पहिल्यांदाच कोणीतरी सांगत होतं.

कार्यक्रम संपल्यावर हे पुढं आले आणि खुर्च्या उचलायला लागले. सलूनवाल्यानं दुसऱ्या टोकाकडून खुर्च्या उचलायला घेतल्या. सर म्हणाले, चहा शिल्लक आहे, घेऊन जा.

मावशी आमच्याबरोबरच घरापर्यंत चालत आल्या. पायरीवर टेकल्या. मी आत पाणी आणायला गेले, तर हे माझ्या हातातून तांब्या घेऊन स्वतः बाहेर गेले. मावशींसमोर खाली बसले. मी दारात उभी होते.

"मावशी, तुमचा गाळा राहिला," हे म्हणाले.

"राहिला तर राहिला," मावशी म्हणाल्या. "तू येत जा मार्केटात. तोंड लपवायला तू कुनाचं काय खाल्लंस?"

हे रडले. मावशींनी रडू दिलं. पाणी प्याल्या आणि म्हणाल्या की उद्या मेथी चांगली येणार आहे, येऊन घेऊन जा.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या ओट्यावर पुन्हा माणसं जमायला लागली. ह्या वेळी भांडायला नव्हे, तिघांची उत्तरं तोलायला. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग सगळ्यांकडे पोचलं होतं. गॅरेजवाल्याचं म्हणणं होतं, की शंभर दिवसांचं खोटं असेल पण निदान माणूस चिडतो तरी. सर म्हणायचे, चिडणं म्हणजे कायदा नव्हे. यांचं मत मला वेगळंच वाटलं. हे म्हणाले, पहिले म्हणतात तसं पतसंस्था मेली तर टपरीवाल्याचं काही खरं नाही, दुसरे म्हणतात तसं संचालकाला धाक हवा, पण दोन्ही एकत्र कसं करायचं हे फक्त तिसऱ्या बाईंनी सांगितलं. मग वाद व्हायचा की चांगलं बोलणारी बाई पडणारच असेल तर मत वाया का घालवायचं. माझा चहा उकळत राहायचा. त्याच दिवसांत एका बाईनं जाता जाता ब्लाउजपीस टेबलावर ठेवला. मापं आहेतच की तुझ्याकडे, एवढंच म्हणाली. मी मशीनवरचं आच्छादन काढून घडी घालून कपाटात टाकलं.

मी मत कोणाला दिलं ते मी कोणापासून लपवलं नाही. वकीलबाईंना दिलं. यांनी कोणाला दिलं ते अजून सांगितलेलं नाही.

निवडून आले पहिले. घराणं, गाड्या, कार्यकर्ते, ते व्हायचंच होतं. वकीलबाईंची मतं आमच्या भागात अपेक्षेपेक्षा बरी होती, बाकीकडे कमी. निकालाच्या दिवशी फटाके वाजत होते आणि आमच्या ओट्यावर चहा तसाच गार होत होता. मलाही वाटलं, संपलं.

पण सर म्हणाले, आपण कोणाला मत दिलं ह्याच्याशी आमदारांना देणंघेणं नाही, आपल्याला ते काय बोलले ह्याच्याशी देणंघेणं आहे. पंधरा-वीस जण आमदारांच्या घरी गेलो. अभिनंदनाचा हार घेऊन गेलो, आणि हार घातल्यावर सरांनी मोबाईल पुढं केला. त्यात ते खुर्चीतून उठताना म्हणत होते, का नाही, मी स्वतः बैठक लावीन. आमदार हसले. आजूबाजूला त्यांचीच माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, की एवढं जपून ठेवलंत? मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे दुसरं काही राहिलेलंच नाही." त्यांनी पीएला बोलावून तारीख लिहून घ्यायला लावली.

बैठक लागायला वेळ गेला. एकदा रद्द झाली, मग झाली. वकीलबाई निवडणूक हरूनही त्या बैठकीला आमच्याकडून आल्या, फी न घेता, आणि कोणत्या अधिकाऱ्याला काय विचारायचं ते त्यांनीच आम्हाला आधी शिकवलं. आमदारांनी त्यांना शेजारची खुर्ची दिली. आमदारांच्या स्वतःच्या पतसंस्थेबद्दल विषय निघेल की काय, अशी त्यांना धाकधूक होती असं मला वाटलं, आणि कदाचित म्हणूनच ते आमच्या बाजूनं जरा जोरातच बोलले. का बोलले ते मी विचारत बसले नाही. पुढं काही महिन्यांनी पुणे रोडवरच्या जागेचा लिलाव झाला, आणि लहान ठेवीदारांना पहिला हप्ता मिळाला.

सगळे पैसे आलेले नाहीत. सरांचे अजून बरेच बाकी आहेत, आणि आमची अनामत तर यादीत सगळ्यात खाली. संचालकांचा खटला चालू आहे. पण मावशींच्या ठेवीतला मोठा भाग आला. मोबाईलवर बँकेचा मेसेज वाजला तेव्हा त्या गोणपाटावरच होत्या. त्यांनी तो यांनाच वाचायला दिला, कारण हे तेव्हा तिथंच उभे राहून लिंबं निवडत होते. यांनी आकडा वाचला. मावशींनी तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग शेजारच्या बायकांनाही मोठ्यानं वाचून दाखवायला लावला.

आता हे एका हार्डवेअरच्या दुकानात बिलिंगला बसतात. दुसऱ्या दोन संस्थांनी एजंट म्हणून बोलावलं होतं. त्यांनी दोन्हीकडे आधी विचारलं, की संचालकांच्या घरची कर्जं फळ्यावर लिहाल का? दोघांनीही विषय बदलला, आणि हे चहा पिऊन परत आले.

ह्या उन्हाळ्यात आम्ही राजूरला गेलो, यांच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला. मधली सगळी लग्नं आम्ही टाळली होती. निघताना हे नवा शर्ट घालायला का-कू करत होते, मग घातला. मांडवात एका पाहुण्यानं विचारलं, काय करता आपण? हे म्हणाले, आधी पतसंस्थेचा एजंट होतो, ती बुडाली, आता दुकानात आहे. तो पाहुणा म्हणाला, आमच्याकडचीही एक बुडालीय हो, तुम्ही लोकांनी काय केलं तिकडं? मग हे त्याच्याशेजारी बसले आणि अक्षता पडायची वेळ झाली तरी त्यांचं बोलणं चालूच होतं. नणंदबाई मला म्हणाल्या, दादाला उठव, मामा लागतोय तिकडे अंतरपाट धरायला. मी हाक मारली. हे हसत उठले, त्या पाहुण्याला म्हणाले, जेवताना बाकीचं सांगतो, आणि घाईघाईनं बोहल्याकडे गेले.